वाचल्याशिवाय अंगठा नाही!



मागच्या वेळी आपण पासवर्डबद्दल बोललो होतो. ‘स्वतःच्या वाढदिवसाची तारीख पासवर्ड म्हणून ठेवू नका,’ असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमच्यापैकी दोघांतिघांनी लगेच पत्रातून कळवलं, ‘काका, बदलला! आता आजीच्या वाढदिवसाची तारीख ठेवली आहे!’ धन्य आहे बाबा तुमची!

बरं, आज एक सोपा प्रश्न. आज सकाळपासून तुम्ही किती ठिकाणी अंगठा दिलात?

‘एकाही ठिकाणी नाही,’ म्हणाल. ‘आम्हाला सही करता येते. आम्ही कशाला अंगठा देऊ?’ थांबा, उत्तराची घाई करू नका. आधी माझ्याबरोबर कैनाडला चला.

कैनाड हे पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातलं गाव. डहाणू म्हटलं की तुम्हाला समुद्र आणि चिकूच्या वाड्या आठवतील. पण स्टेशनवर उतरून पूर्वेकडे निघालात, की समुद्र पाठीमागे राहतो आणि भातशेती, टेकड्या, ताडाची झाडं सुरू होतात. घरं सगळी एका जागी दाटीवाटीनं नसतात. लांब लांब विखुरलेले पाडे असतात. वस्ती मुख्यतः वारली लोकांची. हो, ज्यांची पांढऱ्या रंगातली चित्रं तुम्ही वहीच्या पुठ्ठ्यावर पाहता, तेच वारली.

माझा एक जुना मित्र त्या भागात शिक्षक होता. त्याच्याबरोबर मी तिथल्या एका पाड्यावर गेलो होतो. पाऊस सरत आला होता, भाताच्या लोंब्या वाकल्या होत्या. मित्राचा एक विद्यार्थी सातवीत शिकतो, त्याच्या घरच्या ओट्यावर आम्ही बसलो. त्या मुलाचं नाव मी सांगणार नाही. ‘तुमची गोष्ट छापू का?’ असं मी घरात सगळ्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी ठरवलं, ‘गोष्ट छापा, नावं नको.’ आजचा विषयच असा आहे की हे विचारल्याशिवाय लिहिणं मला शोभलं नसतं.

तर हा आपला दोस्त वडिलांचा मोबाइल घेऊन बसला होता. फोटोचं चित्र करून देणारं एक ॲप त्यानं नुकतंच घेतलं होतं. आजीचा फोटो काढायचा आणि त्याचं चित्र करायचं, असा बेत. ॲप उघडलं. पडद्यावर इंग्रजीत लांबलचक मजकूर आला, खाली एक बटण. त्यानं अंगठा टेकवला. मग एकेक प्रश्न येऊ लागला. तुमच्या फोनमधली नावं आणि नंबर पाहू का? तुम्ही कुठे आहात ते पाहू का? माइक वापरू का? टप, टप, टप! पाच सेकंदांत सगळ्यांना ‘हो’.

आजी शेजारी बसून पाहत होती. तिनं विचारलं, “काय लिहिलंय रे त्यात?”

“काय माहीत! दाबल्याशिवाय पुढेच जात नाही.”

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आमच्याकडंपण असंच म्हणायचे. अंगठा लाव, नाहीतर दाणा नाही.”

दोस्तांनो, त्या भागात पूर्वी खावटीची पद्धत होती. पावसाळ्यात घरातला दाणा संपायचा. शेतात काम तर ऐन भरात, पण पोटात घालायला काही नाही. मग सावकाराकडून धान्य उसनं आणायचं आणि पीक आलं की ते वाढीव मापानं परत करायचं. या उसन्या धान्याला म्हणतात खावटी. आजीच्या सासऱ्यांच्या वडिलांनी अशीच खावटी आणली होती. सावकारानं कागद पुढे केला. ‘धान्य नेल्याची नोंद आहे,’ म्हणाला. वाचता कुणालाच येत नव्हतं. त्यांनी अंगठा दिला. दोनतीन वर्षांनी कळलं, की त्या कागदावर धान्य नव्हतं, शेत लिहिलेलं होतं.

“शेत तेच, बांध तेच, नांगर धरणारे आम्हीपण तेच,” आजी म्हणाली. “फक्त धनी दुसरा झाला.”

हे सगळं दोस्ताचा मोठा चुलतभाऊ ऐकत होता. तो बोईसरला कारखान्यात कामाला आहे. चांगला बारावी शिकलेला. तो एकदम म्हणाला, “काका, मला वाचता येतं. तरी मीपण अंगठा दिलाच की!”

त्याची हकिगत अशी. घरात दुखणं निघालं, पगाराला दहा दिवस अवकाश होता. मोबाइलवर जाहिरात दिसली, पाच मिनिटांत कर्ज. त्यानं ॲप घेतलं, सगळ्या प्रश्नांना ‘हो’ म्हटलं आणि तीन हजारांचं कर्ज काढलं. हातात आले एकोणीसशे. बाकीचे आधीच कापून घेतले. सात दिवसांत पूर्ण तीन हजार फेडायचे होते. त्याला दोन दिवस उशीर झाला. मग त्याच्या सुपरवायझरला, मित्रांना, बहिणीच्या सासरी मेसेज जाऊ लागले. त्याचा फोटो आणि खाली लिहिलेलं, ‘हा माणूस चोर आहे.’ या सगळ्यांचे नंबर त्यांना मिळाले कुठून? त्यानंच दिले होते, एका अंगठ्यानं. चार दिवस तो लाजेनं कामावर गेला नाही. पैसे त्यानं फेडले. पण बहिणीच्या सासरी जायचं म्हटलं, की अजून त्याचे पाय जड होतात.

इथे जरा समजून घ्या, होतं काय ते. फोनमधली नावं पाहायला आपण ‘हो’ म्हटलं, की ते ॲप ती सगळी यादी काही क्षणांत आपल्या मालकाच्या संगणकावर उतरवून घेऊ शकतं. मग तुम्ही पश्चात्ताप करून ॲप काढून टाका, फोन विका, नंबर बदला. गेलेली यादी परत येत नाही. कागदावरचा अंगठा जसा पुसता येत नाही, तसंच हे.

आता गंमत पाहा. अंगठ्याचा ठसा ओळख म्हणून वापरायची नवी पद्धत वाढली, त्यात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्याच्या कामाला लागणारा माल पुरवायचा करार त्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी केला. पुढे हा माणूस ‘ही सही माझी नव्हेच’ म्हणू नये, म्हणून हर्शेलनं कागदाच्या पाठीमागे त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे त्याच्या ध्यानात आलं, की माणसामाणसाच्या बोटांवरच्या रेषा वेगळ्या असतात आणि वर्षं उलटली तरी त्या तशाच राहतात. १८९७ साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली, जगातली पहिली! लाखो ठशांतून हवा तो ठसा शोधायची युक्ती तिथे बसवली गेली. ती बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांची मोठी मेहनत होती. नाव मात्र त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं झालं.

पुढची पायरी तुमच्या घरात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात आधार क्रमांकांचं वाटप सुरू झालं. रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट ठेवतात ना, ते त्यातलंच.

म्हणजे ठसा फार हुशार आहे. ‘हे बोट कुणाचं?’ या प्रश्नाचं उत्तर तो चोख देतो. पण दोस्तांनो, एक प्रश्न त्याला कधीच सोडवता आलेला नाही. ‘या माणसाला कागद कळला होता का?’ हे ठसा सांगत नाही. कैनाडच्या त्या कागदावरचा अंगठा खराच होता. खोटा होता तो कागद वाचून न दाखवणाऱ्याचा शब्द.

ही फसगत फक्त डहाणूतच होत होती असं नाही बरं का. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी चिडून उठले. आजूबाजूच्या गावांतही लोण पसरलं. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही ‘दख्खनचे दंगे’ म्हणून वाचलं असेल. त्यांना सावकारांकडून काय हवं होतं माहीत आहे? सोनंनाणं नव्हे, कागद! कर्जाची खतं त्यांनी हिसकावून घेतली आणि जाळली. मग सरकार जागं झालं. १८७९ साली शेतकऱ्यांसाठी एक कायदा आला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि तेव्हाचं अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. शेतकऱ्याचं कर्जखत घरात बसून गुपचूप करायचं नाही, सरकारनं नेमलेल्या गावच्या निबंधकासमोर ते लिहायचं, मोठ्यानं वाचायचं आणि मगच सही किंवा अंगठा. किती साधी गोष्ट! आधी वाचा, मग अंगठा.

डहाणू-तलासरीकडच्या वारल्यांना यापुढेही फार सोसावं लागलं. जमीनदाराकडे फुकट राबायचं, म्हणजे वेठ. लग्नासाठी कर्ज घेतलं म्हणून नवराबायकोनं वर्षानुवर्षं त्याच्या घरी राबायचं, म्हणजे लग्नगडी. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि ‘यापुढे वेठ करणार नाही’ असं त्यांनी ठरवलं. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. गोदावरीबाईंनी पुढे त्यावर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मोठे झालात की जरूर वाचा.

आता परत आपल्या मोबाइलकडे येऊ. तुम्ही म्हणाल, ‘काका, तेव्हा लोकांना वाचता येत नव्हतं. आम्हाला येतं.’ असं? मग ऐका. २०१० साली इंग्लंडमध्ये व्हिडिओ गेम विकणाऱ्या एका कंपनीनं १ एप्रिलच्या दिवशी आपल्या अटींमध्ये हळूच एक अट घातली, ‘मी माझा आत्मा या कंपनीला देत आहे.’ खेळ मागवणाऱ्या सुमारे ७,५०० जणांनी ‘मान्य’ करून टाकलं! ज्यांनी ती अट वाचून नकाराची खूण केली, त्यांना पाच पौंडांचं कूपन मिळालं. ते होते फारच थोडे. अर्थात ते एप्रिलफूल होतं, कंपनीनं आत्मे परत केले. पण वाचता येणं आणि वाचणं, यात किती अंतर आहे ते कळलं ना?

आणि खरं सांगू? यात सगळी चूक दाबणाऱ्याची आहे, असं मला मुळीच वाटत नाही. वीस पानांचा किचकट मजकूर परक्या भाषेत द्यायचा आणि खाली एकच बटण ठेवायचं, याला मी तरी विचारणं म्हणत नाही. कधी कधी तर तेवढंही होत नाही. अमेरिकेत एक बॅटरीचं ॲप होतं, फोनच्या उजेडाचं. कोट्यवधी वेळा ते उतरवलं गेलं. २०१३ साली तिथल्या सरकारी खात्यानं उघड केलं, की वापरणारा माणूस कुठे आहे ही माहिती ते ॲप जाहिरातवाल्यांकडे पाठवतं. ‘मान्य की अमान्य’ हा प्रश्न ते विचारायचं खरं, पण उत्तर यायच्या आधीच माहिती निघालेली असायची!

म्हणून कायदा लागतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. २०२२ साली रिझर्व्ह बँकेनं नियम केला, की कर्ज देणाऱ्या ॲपनी फोनमधली नावांची यादी, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. बोईसरच्या त्या भावाच्या बाबतीत झालं ते सरळसरळ या नियमाविरुद्ध आहे. आणि २०२३ साली संसदेनं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम निघाले, तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे.

या कायद्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. संमती साध्या सोप्या भाषेत मागायची आणि ती मराठीतही वाचायची सोय हवी. कामापुरतीच माहिती मागायची. कायद्यात याचं उदाहरणच दिलं आहे. डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपनं तुमच्या फोनमधली यादी मागितली आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तरी ती यादी सल्ल्यासाठी लागत नाही, म्हणून तेवढा होकार धरायचा नाही. तिसरी गोष्ट, संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. आणि चौथी खास तुमच्यासाठी. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी. १८७९ च्या कायद्याची आठवण झाली ना? दीडशे वर्षं होत आली, पण गोष्ट तीच. समोरच्याला कळलं पाहिजे, मगच अंगठा.

पण कायदा काही तुमच्या फोनमध्ये बसून राहणार नाही. तिथे तुम्हीच. म्हणून मी स्वतः काय करतो ते सांगतो.

ॲपनं काही मागितलं की मी स्वतःला विचारतो, ‘याच्या कामाला हे लागतं का?’ नकाशाला मी कुठे आहे ते कळायला हवं, ठीक. व्हिडिओवर बोलायचं तर कॅमेरा आणि माइक हवा, ठीक. पण लुडोला माझ्या मावशीचा नंबर कशाला? तिथे ‘नाही’. बहुतेक वेळा ‘नाही’ म्हटलं तरी ॲप चालतं. नाहीच चाललं, तर मी ते काढून टाकतो. त्याच्यावाचून माझं आजवर काही अडलेलं नाही.

ओटीपी हासुद्धा एक अंगठाच आहे, हे मी कधी विसरत नाही. फोनवर कुणी कितीही गोड बोलो, ‘बँकेतून बोलतोय’ म्हणो, ओटीपी सांगितला की आपण न पाहिलेल्या कागदावर अंगठा उमटवला.

खऱ्या अंगठ्याला तर मी आणखी जपतो. पासवर्ड फुटला तर नवा करता येतो. अंगठा नवा कुठून आणणार? देवानं दहाच बोटं दिली आहेत! आधारसाठी दिलेले ठसे कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे. घरात कुणाला ती माहीत नसेल, तर मोठ्यांना सांगा.

काही जण म्हणतात, ‘आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय? घेऊ देत यादी.’ त्यांना मी एवढंच विचारतो, ती यादी एकट्या तुमची आहे का? तिच्यात तुमच्या मैत्रिणीचा नंबर आहे, शेजारच्या काकूंचा आहे, बाईंचा आहे. त्यांनी तो तुम्हाला दिला, ॲपला नाही. तुम्ही ‘हो’ दाबता तेव्हा त्या सगळ्यांच्या वतीनं अंगठा देता. बोईसरच्या भावाच्या बहिणीनं कुठे कर्ज काढलं होतं? तरी मेसेज तिच्या सासरी गेलाच ना!

आता आईबाबांसाठी दोन शब्द. मुलानं असं काही न वाचता दाबलं आणि घोळ झाला, तर आधी रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही, आणि या बाबतीत लपवलेला एक दिवस फार महागात पडतो. पैशांची फसवणूक झाली असेल तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. आणि मुलांसमोर तुम्ही स्वतः कसं दाबता, तेही पाहा. मुलं सांगितलेलं कमी आणि पाहिलेलं जास्त शिकतात.

कैनाडच्या आपल्या दोस्ताचं पुढे काय झालं, विचारता? त्यानं ते ॲप काढून टाकलं आणि पुन्हा घेतलं. या वेळी आम्ही मिळून प्रत्येक प्रश्न वाचला. नावांची यादी? नाही. ठिकाण? नाही. माइक? नाही. कॅमेरा? हो, तो लागणारच. आणि ॲप मुकाट्यानं चालू झालं! तो आनंदानं आजीपुढे फोन धरून फोटो काढणार, एवढ्यात आजी म्हणाली,

“थांब! त्या डब्याला एवढे प्रश्न विचारलेस. मला विचारलंस का?”

आम्ही सगळे हसायला लागलो. त्यानं मग नीट विचारलं, “आजी, काढू का फोटो?” आजी उठली, केस सारखे केले, लुगडं ठाकठीक केलं आणि बसली. “आता काढ.”

तर दोस्तांनो, या आठवड्याचा उद्योग. घरातल्या मोठ्यांना बरोबर घ्या, फोनच्या सेटिंगमध्ये ‘परवानग्या’ असं असतं ते उघडा. कोणतंही एक ॲप निवडा. त्याला काय काय दिलं आहे, ते वहीत लिहा. प्रत्येकापुढे लिहा, ‘लागतं’ की ‘लागत नाही’. जे लागत नाही, ते तिथल्या तिथे बंद करा. मग मला पत्रातून कळवा, किती निघाली. पत्रात गाव आणि इयत्ता लिहा, तेवढं मला पुरे. फोन नंबर मुळीच लिहू नका.

आणि आता सांगा बरं, आज सकाळपासून तुम्ही किती ठिकाणी अंगठा दिलात?

तुमचा,
काका